आर्सच्या फादरांची आठ दिवसांची रजा



४ ऑगस्ट हा संत जॉन मारी व्हियानी यांचा सण. १९२९ सालापासून ते जगभरातील धर्मग्रामांच्या प्रमुख धर्मगुरूंचे आश्रयदाते आहेत. या दिवशी तुम्ही आम्हां धर्मगुरूंना आठवणीने शुभेच्छा देता, कोणी घरून डबाही पाठवता. प्रवचनात मात्र या संताची ठरलेली चित्रे येतात: आठवडाभर पुरवलेले उकडलेले बटाटे, पापनिवेदनासाठी लागलेली लांबच लांब रांग आणि रात्री छळणारा सैतान. या वर्षी आम्ही त्यांच्या जीवनातील असा भाग सांगणार आहोत, जो सहसा घाईने उरकला जातो. हे संत आपला धर्मग्राम सोडून पळून गेले होते. एकदा नव्हे, अनेकदा.

आताच हे सांगण्याचे कारण असे, की तुमच्यापैकी काही जण मिस्सानंतर भेटून विचारतात, धर्मगुरू सब्बॅटिकल घेतात म्हणजे नक्की काय करतात? कुणाची शंका साधी असते, कुणाच्या प्रश्नात थोडा टोमणाही असतो. वागळे इस्टेटमध्ये पाळीवर जाणाऱ्या किंवा रोज सकाळी ठाणे स्टेशनात लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाला सहा महिने भरपगारी विश्रांती कोण देतो, असा तो टोमणा आहे. तो अगदीच खोटा नाही. म्हणून उत्तर देण्यापूर्वी या फ्रेंच खेडेगावच्या फादरांची हकीकत पाहू.

जॉन मारी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लियाँ शहराजवळच्या दार्दिली गावी, शेतकऱ्याच्या घरी झाला. तीनच वर्षांनी फ्रेंच राज्यक्रांती झाली. नव्या राजवटीची शपथ न घेणारे धर्मगुरू लपूनछपून फिरत आणि कोणाच्या तरी गोठ्यात किंवा माजघरात मिस्सा करीत. जॉन मारी यांनी पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला तोसुद्धा एका घरात, खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या उभ्या करून, म्हणजे आतला मेणबत्तीचा उजेड रस्त्यावरून दिसू नये. धर्मगुरू म्हणजे लोकांसाठी जिवावर उदार होणारा माणूस, हे त्या मुलाने पुस्तकात वाचले नाही, डोळ्यांनी पाहिले.

शाळा त्यांना फारशी मिळाली नाही. विशीच्या सुमारास शेजारच्या एक्युली गावचे फादर बाले यांच्याकडे ते लॅटिन शिकू लागले, पण लॅटिन काही डोक्यात शिरेना. १८०९ साली नेपोलियनच्या सैन्यात भरतीचा हुकूम आला. आजारपणामुळे त्यांची तुकडी पुढे निघून गेली आणि ते एका डोंगराळ गावात लपून राहिले. माफी जाहीर झाल्यावर परतले. पुढे सव्विसाव्या वर्षी व्हेरिएर येथे तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसले, तिथेही तेच. आम्ही ज्या विषयाची पदवी मिरवतो त्याच विषयात आमचे आश्रयदाते अडखळले होते, हे आम्हांला सेमिनरीत असताना कळले तेव्हा फार बरे वाटले होते. लियाँच्या मोठ्या सेमिनरीत तर परीक्षेत नापासच झाले. फादर बाले यांनी रदबदली केली म्हणून १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रेनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या दिवशी घरचे कोणी हजर नव्हते.

आपण पुरेसे शिकलेलो नाही, ही खंत त्यांना शेवटपर्यंत होती. पुढच्या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी ती आहे, म्हणून हे थोडे लांबवून सांगितले.

फादर बाले डिसेंबर १८१७ मध्ये वारले. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १८१८ मध्ये, व्हियानी यांना आर्सला पाठवण्यात आले. लियाँच्या उत्तरेचे हे गाव तेव्हा सुमारे २३० वस्तीचे होते. आपल्या माजिवड्यातील एका टॉवरमध्ये याहून जास्त माणसे राहतात! धुक्यात वाट चुकलेल्या फादरांना गुरे राखणाऱ्या एका मुलाने रस्ता दाखवला, अशी हकीकत आहे आणि आज त्या जागी स्मारकही आहे. गाव अगदी वाईट नव्हते, पण देवाची फारशी पर्वाही कोणाला नव्हती. रविवारी शेतीची कामे चालत, संध्याकाळी दारूचे गुत्ते भरत. नव्या फादरांनी उपास, प्रार्थना, घराघरांतून भेटी आणि कडक प्रवचने यांच्या जोरावर गाव हळूहळू बदलले. १८२४ साली गरीब आणि अनाथ मुलींसाठी त्यांनी एक घर सुरू केले. त्याचे नाव ‘प्रोव्हिदान्स’, म्हणजे देवाची तरतूद. या घरावर त्यांचा फार जीव होता. दुपारचे घासभर अन्न ते तिथेच घेत आणि मुलींना धर्मशिक्षण देत.

मग बाहेरगावचे लोक येऊ लागले. १८३० नंतर हा ओघ इतका वाढला की लियाँहून आर्सला नियमित घोडागाड्या सुटू लागल्या. परतीचे तिकीट आठ दिवस चालणारे असे, कारण पापनिवेदनासाठी नंबर लागायलाच तितके दिवस जात. फादर मध्यरात्रीनंतर एक-दोन वाजता उठून चर्चमध्ये जात. हिवाळ्यात रोज अकरा-बारा तास आणि उन्हाळ्यात पंधरा-सोळा तास पापनिवेदन ऐकत. झोप तीन-चार तास. शेवटच्या वर्षांत दर वर्षी सुमारे ८० हजार ते १ लाख लोक येऊन गेले, असा अंदाज चरित्रकारांनी केला आहे. २३० माणसांच्या गावाला नेमलेला हा एक धर्मगुरू होता, हे ध्यानात ठेवावे.

या माणसाला विश्रांती कधी होती? दर वर्षी धर्मगुरूंची तपसाधना म्हणजे रिट्रीट असते. पाच-सात दिवस धर्मप्रांतातील धर्मगुरू एकत्र येऊन मौनात राहतात, स्वतः पापनिवेदन करतात, प्रवचन देण्याऐवजी ऐकतात. १८३५ साली व्हियानी अशा तपसाधनेला गेले असता बिशप देव्ही यांनी त्यांना परत पाठवले. तुम्हांला तपसाधनेची गरज नाही, पापी लोक तिकडे तुमची वाट पाहत आहेत, असा त्यांचा भाव होता. बिशप चांगले होते. व्हियानींना अडाणी म्हणणाऱ्या धर्मगुरूंसमोर त्यांनीच त्यांची बाजू घेतली होती. तरीही आम्हांला वाटते, की ती मोठी चूक होती. संत आहे म्हणून त्याला विसावा नको, असा हिशेब त्या दिवशी मांडला गेला आणि पुढे सर्वांनीच तो चालू ठेवला.

व्हियानी मात्र बिशपांकडे पुन्हा पुन्हा मागणी करीत राहिले. त्यांना कोपऱ्यात कुठेतरी जाऊन आपल्या पापांसाठी रडायचे होते आणि मरणाची तयारी करायची होती. प्रमुख धर्मगुरू म्हणून देवापुढे हिशेब द्यायची त्यांना भीती वाटे. इतक्या आत्म्यांची जबाबदारी आणि आपण असे अर्धशिक्षित! उत्तर दर वेळी नकाराचेच येई. १८४० च्या सुमारास एका रात्री ते गुपचूप निघाले. गावाबाहेरच्या एका क्रुसापाशी पोहोचल्यावर थांबले, ही देवाची इच्छा आहे का असा स्वतःलाच प्रश्न केला आणि मागे फिरले. सकाळी नेहमीप्रमाणे पापनिवेदन सुरू.

मे १८४३ मध्ये त्यांना न्यूमोनियासारखा मोठा आजार झाला. वाचतील अशी आशा नव्हती, शेवटचे संस्कारही दिले गेले. ते वाचले, पण अंगात त्राण उरले नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी बिशपांना पत्र लिहिले आणि ११ तारखेच्या रात्री, पहाट होण्याआधीच, ते पायी निघाले ते थेट दार्दिलीला, आपल्या भावाच्या घरी. माजिवड्याहून पायी दादरच्या पुढे जावे इतके ते अंतर. वय सत्तावन्न, नुकतेच आजारातून उठलेले. भावाने जुन्या घरात त्यांच्यासाठी खोली तयार करून दिली.

पण लोकांनी त्यांना शोधून काढलेच. काही दिवसांतच दार्दिलीच्या चर्चमध्ये रांग लागली.

मार्कच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय येथे आठवतो. प्रेषित काम करून थकून आले तेव्हा येशूने त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या, असे सांगितले. ते होडीतून निघाले, पण लोक काठाकाठाने धावत त्यांच्या आधी पोहोचले. येशूला लोकांचा कळवळा आला व तो शिकवू लागला, एवढे आम्ही प्रवचनात नेहमी सांगतो. परंतु विसाव्याचा आदेश त्याने आधी दिला होता आणि लोक आले म्हणून तो आदेश चुकीचा ठरला नाही, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

आर्सला या काळात शेजारच्या गावचे फादर रेमाँ काम पाहत होते. बिशपांचा निरोप घेऊन तेच दार्दिलीला आले. या खेपेस बिशपांनी सरळ नकार दिला नव्हता. बोमाँ येथे पवित्र मरियेचे एक एकाकी चॅपेल होते. हवे तर ते घ्या, नाहीतर आर्सला परत या, तुम्हीच पाहून ठरवा, असा तो निरोप होता. दोघे बोमाँला गेले. व्हियानींनी तिथे मिस्सा केली, बराच वेळ प्रार्थना केली आणि मग आपण आर्सलाच परतू असे स्वतःहून सांगितले. १९ सप्टेंबरला ते गावात पोहोचले तेव्हा चर्चच्या घंटा वाजत होत्या. काठी टेकत टेकत त्यांनी चौकात जमलेल्या लोकांना आशीर्वाद दिला. सगळे मिळून आठ दिवस झाले होते. त्यानंतर जवळजवळ सोळा वर्षे त्यांनी तेच काम केले.

जुनी चरित्रे या पळून जाण्याला मोह म्हणतात आणि परत येण्याला विजय. आम्ही सेमिनरीत असेच वाचले. पण इतकी वर्षे धर्मग्रामात काढल्यावर हा प्रसंग वेगळा दिसू लागतो. व्हियानींनी कायमचे जाऊ द्या अशी मागणी केली, कारण परतीची तारीख असलेली रजा कोणी त्यांच्यापुढे ठेवलीच नव्हती. एक तर मरेपर्यंत राहा, नाहीतर सोडून जा, हे दोनच रस्ते. ज्या एका वेळी बिशपांनी थोडा हात सैल सोडला, निवड त्यांच्यावर सोपवली, त्या वेळी ते कोणीही न ओढता परत आले. ज्याला जायची मुभा मिळते तो पळत नाही. हे कळायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही, घरात वाढत्या वयाची मुले असली तरी पुरते.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात विरंगुळा हा सद्गुणाचा भाग कसा, हे सांगताना प्रेषित योहानाविषयीची जुनी गोष्ट दिली आहे. योहान शिष्यांसोबत खेळीमेळीत बसलेला पाहून कोणी नाक मुरडले. तेव्हा योहानाने धनुष्य बाळगणाऱ्या एका माणसाला विचारले, तू सतत दोरी ताणून बाण सोडत राहू शकशील का? त्याने सांगितले, तसे केले तर धनुष्य मोडेल. तेराव्या शतकातील या पंडिताला ही गोष्ट सांगावीशी वाटली, म्हणजे तेव्हाही नाक मुरडणारे होते!

सब्बॅटिकल हा शब्दच शब्बाथावरून आला आहे. लेवीयच्या ग्रंथात सहा वर्षे पिकवलेल्या जमिनीला सातव्या वर्षी विसावा सांगितला आहे. जमीन आळशी झाली म्हणून नव्हे, ती देवाची आहे म्हणून. आजच्या धर्मसभेच्या कायद्यात, १९८३ च्या संहितेत, धर्मगुरूंना दर वर्षी सुट्टीचा हक्क दिला आहे. प्रमुख धर्मगुरूला तपसाधनेचे दिवस वगळता वर्षाला जास्तीत जास्त एक महिना रजा घेता येते आणि आठवड्याहून अधिक बाहेर राहायचे असल्यास बिशपांना कळवावे लागते. सब्बॅटिकल याहून वेगळे. ते बिशपांच्या संमतीने बऱ्याच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. त्यात कोणी शिकायला जातो, कोणी एखाद्या मठात राहतो, कोणी नुसता शांत बसतो, आणि सेवेवर परत येणे गृहीत असते. मोठ्या धर्मग्रामात दोन-तीन सहायक असतात, तिथे निभते. लहान चर्चमध्ये एकच धर्मगुरू असला की तो गेल्यावर सकाळची मिस्सा कोण करणार, रात्री इस्पितळातून फोन आला तर कोण जाणार, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर सही कोणाची, हे प्रश्न उभे राहतात. प्रश्न खरे आहेत. आर्सच्या लोकांचेही खरेच होते.

आपल्या शेजारच्या गोव्याचे संत जोसेफ वाझ यांच्याकडे याच संदर्भात पाहावे. कॅनरातील काही वर्षांच्या कष्टाच्या सेवेनंतर ते १६८४ साली गोव्यात परतले. सिलोनला जायची ओढ मनात होती, तरी १६८५ मध्ये जुन्या गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंच्या एका लहान समूहात ते सामील झाले. तोच पुढे गोव्याचा ओरेटरी संघ झाला. प्रार्थना आणि सहवास यांची ही बैठक त्यांनी आधी घातली, मगच सिलोनची वाट धरली, आणि पुढे याच संघातून त्यांच्या मदतीला धर्मगुरू जात राहिले. व्हियानींना असे घर कधी मिळाले नाही. त्यांना पुढे सहायक मिळाले ते तेच फादर रेमाँ. ते कष्टाळू खरे, पण लोकांसमोर व्हियानींना टोचून बोलत. व्हियानी मात्र कोणाला त्यांच्याविरुद्ध बोलू देत नसत.

१८५३ साली रेमाँ यांच्या जागी फादर तोकानिए आले आणि लगेचच, ३ सप्टेंबरच्या रात्री, सदुसष्ट वर्षांचे व्हियानी पुन्हा निघाले. आता धर्मग्राम सांभाळायला चांगला माणूस आला, आपण मोकळे झालो, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी हे गुपित पूर्वी प्रोव्हिदान्स सांभाळणाऱ्या कॅथरीन लासान्य यांना सांगितले होते. ते फुटले. तोकानिए यांनी त्यांची ब्रेविअरी, म्हणजे धर्मगुरूंचा रोजचा प्रार्थनाग्रंथ, काढून घेतली. त्याशिवाय ते पुढे जाणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. तेवढ्यात कोणी चर्चची घंटा बडवली. आग लागली की चोर आले या समजुतीने माणसे हातात सापडेल ते घेऊन धावली. यात्रेकरूंनी वाटेत गुडघे टेकले, आमचे पापनिवेदन ऐकल्याशिवाय जाऊ नका म्हणून रडू लागले. फादर मागे वळले, चर्चमध्ये गेले आणि पापनिवेदन ऐकायला बसले. नंतर ते म्हणत, की आपण पोरकटपणा केला. या वेळी ना भावाचे घर, ना बोमाँचे चॅपेल.

आम्ही त्या गावकऱ्यांना दोष देत नाही. फादर तोकानिए यांचा जीव त्यांच्या फादरांवर होता, गावाचाही होता. पण घंटा वाजवणाऱ्यांपैकी एकाला तरी हे सुचायला हवे होते, की फादर, पंधरा दिवस जा, आम्ही इथे आहोत, पुढच्या महिन्याच्या अमुक तारखेला गाडी घेऊन तुम्हांला आणायला येतो. कोणाला ते सुचले नाही. आणि पाळीवर जाणाऱ्या, लोकलला लटकणाऱ्या आपल्या माणसाविषयी म्हणाल, तर त्यालाही असा विसावा मिळावा हेच न्यायाचे. धर्मगुरूला मिळतो म्हणून त्याचा कमी होत नाही. रविवार पाळण्याची आज्ञा त्याच्यासाठीही आहे आणि रविवारी त्याला कामावर बोलावणाऱ्यांनी तिचा हिशेब द्यायचा आहे.

त्यानंतर व्हियानी सहा वर्षे जगले. फ्रेंच सरकारने मानाचा क्रॉस दिला, बिशपांनी कॅननची झूल त्याआधीच दिली होती. ती त्यांनी ५० फ्रँकला विकून टाकली. जुलै १८५९ मध्ये विलक्षण उकाडा होता. २९ तारखेला दिवसभराच्या पापनिवेदनानंतर ते कोसळले आणि आता उठणे नाही हे त्यांना समजले. त्यांच्या खोलीत गारवा राहावा म्हणून गावकऱ्यांनी घराच्या छपरावर मोठमोठी कापडे पसरली. शिड्या लावून ते वर चढत आणि ती कापडे सारखी पाण्याने भिजवत राहत. पलंगापाशी येऊन पापनिवेदन करणारे तेव्हाही होते. ४ ऑगस्टला पहाटे दोनच्या सुमारास, बाहेर वादळ सुरू असताना, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ते शांतपणे गेले. ३१ मे १९२५ रोजी त्यांना संतपद मिळाले. आर्सचे पुढचे प्रमुख धर्मगुरू फादर तोकानिएच झाले.